‘दऱ्या’ शोधल्या, सापडल्या नऊच
वाचकांचे प्रश्न : मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरणारे आणि घडवणारे

मुक्तस्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो असे सॉफ्टवेअर, कसे निवडावे यावर मागील अंकात लेख आला होता. त्यानंतर आलेल्या पत्रांत निवडीविषयी फार थोडे विचारले आहे. बहुतेकांचे दुखणे एकच आहे, की वापरणाऱ्याचे म्हणणे घडवणाऱ्यापर्यंत पोहोचत नाही, आणि पोहोचले तरी त्याचे पुढे काय झाले ते कळत नाही. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातील गडकोटांवरील एका पुस्तकाचे मी संपादन करीत आहे. मजकूर मी आणि माझ्या एका मैत्रिणीने मिळून टंकला. पुस्तकात ‘दऱ्या’ हा शब्द तीस-चाळीस वेळा तरी आला असेल. परंतु मी वापरत असलेल्या मुक्तस्रोत लेखन-सॉफ्टवेअरमध्ये तो शोधला, की नऊच ठिकाणी सापडतो. बाकीच्या दऱ्या मला पानावर दिसतात, संगणकाला दिसत नाहीत. मी तक्रार नोंदवली, तेव्हा ‘आमच्याकडे असे होत नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले. तक्रारीची प्रत सोबत जोडली आहे. आता मी काय करावे?
निवृत्त शिक्षिका, वाई

उत्तर : आपल्या संगणकात बिघाड नाही, आपली नजर चुकत नाही आणि ‘आमच्याकडे असे होत नाही’ असे लिहिणारा विकसकही खोटे बोलत नाही. हे सगळे एकाच वेळी खरे कसे, ते उलगडले की तक्रार कशी लिहायला हवी होती हेही कळेल, म्हणून थोडे खोलात जातो.

‘दऱ्या’ या शब्दात ‘य’ला डावीकडून जोडलेला जो विळ्यासारखा वाकडा अर्धा र आहे, तो संगणकात दोन रीतींनी साठवला जातो. युनिकोडने, म्हणजे संगणकावर प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाने, सांगितलेली मुख्य रीत म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ आणि त्यापुढे हलन्त. दुसरी रीत जुन्या मजकुराच्या सोयीसाठी मान्य ठेवलेली आहे. तिच्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे एक अदृश्य चिन्ह असते. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ दाबून ‘ऱ’ आणि मग ‘डी’ दाबून हलन्त उमटवणाऱ्याच्या हातून पहिली रीत घडते, तर उच्चाराप्रमाणे रोमन अक्षरांतून टंकण्याच्या काही साधनांतून दुसरी. अक्षरे जुळवून पडद्यावर मांडणारी ‘हार्फबझ’सारखी प्रणाली, जी फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिब्रेऑफिस (लेखन, स्प्रेडशीट इत्यादींचा मुक्तस्रोत संच) या सर्वांत आहे, दोन्ही रीतींतून एकच आकृती काढते, आणि तसेच व्हायला हवे. मात्र चिन्हाला चिन्ह जुळवून पाहणाऱ्या शोधाला हे दोन वेगळे शब्द वाटतात. मजकूर दोघींनी टंकला, असे आपण पत्रात सहज लिहून गेला आहात; माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रातील सर्वांत मोलाचे वाक्य तेच आहे, आणि ते आपल्या तक्रारीत नव्हते.

तक्रारीत ‘मराठीत सर्च नीट चालत नाही’ एवढेच आहे. ते वाचून विकसकाने काय केले असेल, याचा अंदाज बांधता येतो. त्याने कोठून तरी एक मराठी शब्द उचलला असेल, कोऱ्या पानावर चार वेळा चिकटवला असेल, शोधला असेल आणि तो चारही वेळा सापडला असेल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोल जागा, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांत एका अर्ध्या अक्षराने माणसाचा व्यवसाय बदलतो, हे आपण वर्गात वर्षानुवर्षे शिकवले असेल. पण ज्याला देवनागरी वाचता येत नाही त्याला ते ठाऊक असण्याचे कारण नाही. हा अर्धा र मराठीप्रमाणे नेपाळीतही लागतो, हिंदीत लागत नाही, त्यामुळे हिंदी जाणणाऱ्या विकसकाच्याही तो लक्षात येईलच असे नाही. याचा अर्थ असा, की हा दोष पाहू शकणारे जगात फार थोडे लोक आहेत आणि आपण त्यांपैकी एक आहात. आपण तक्रार सोडून देऊ नये, असे मी आग्रहाने सांगतो.

नव्या नोंदीचे शीर्षक असे असावे : ‘शोध : ऱ्य हे जोडाक्षर दोन युनिकोड रीतींनी लिहिलेले असल्यास एक रीत दुसरीला सापडत नाही’. त्याखाली सॉफ्टवेअरची पूर्ण आवृत्ती आणि संगणकाची कार्यप्रणाली लिहावी. नंतर पायऱ्या लिहाव्यात (‘पायऱ्या’ या शब्दातही ते जोडाक्षर आहे, तोही उदाहरण म्हणून चालेल) : सोबतची फाइल उघडा, पहिल्या ओळीतील शब्द निवडून शोधाच्या चौकटीत चिकटवा, शोधा. मग काय व्हावे अशी अपेक्षा होती ते लिहावे, म्हणजे दोन्ही ओळींतील शब्द सापडावेत. आणि प्रत्यक्षात काय झाले ते लिहावे, म्हणजे पहिल्याच ओळीतील सापडला. सोबत दोनच ओळींची फाइल जोडावी, संपूर्ण पुस्तक पाठवू नये. फाइलमध्ये एका ओळीत आपण टंकलेला शब्द आणि दुसऱ्या ओळीत मैत्रिणीने टंकलेला शब्द चिकटवावा. लिब्रेऑफिस रायटरमध्ये अक्षरानंतर कर्सर ठेवून ऑल्ट आणि एक्स या कळा एकत्र दाबल्या, की त्या अक्षराचे युनिकोड क्रमांक दिसतात. एका शब्दात ०९३१ आणि दुसऱ्यात ०९३० व २००डी दिसले, तर तेही नोंदवावे. एवढे हाती आल्यावर देवनागरीचे एकही अक्षर न वाचता येणाऱ्या विकसकाला तो दोष पाच मिनिटांत स्वतःच्या पडद्यावर पाहता येतो. दोष स्वतः पाहिल्याशिवाय कोणालाच तो दुरुस्त करता येत नाही.

पुस्तकाचे काम मात्र त्यासाठी थांबवू नये. शोधात न सापडलेल्या एखाद्या ठिकाणचा ‘ऱ्या’ नक्कल करून ‘शोधा आणि बदला’ या चौकटीत वरच्या रकान्यात चिकटवावा, खालच्या रकान्यात आपल्या कळफलकावरून ‘ऱ्या’ टंकावे आणि सर्व ठिकाणी बदलावे. मजकूर एकाच रीतीचा होईल आणि ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’, ‘पायऱ्या’ हेही शब्द त्याबरोबर सुधारतील.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेत आम्ही मुक्तस्रोत स्प्रेडशीट वापरतो. छापताना मराठी शीर्षकांच्या वरच्या वेलांट्या कापल्या जातात, अशी नोंद मी रीतसर केली. सात महिन्यांनी ‘पुरेशी माहिती नाही’ असे लिहून ती आपोआप बंद झाल्याचा ईमेल आला. मध्ये एकदा काही विचारले होते म्हणे, ते माझ्या पाहण्यात आले नाही. असे कोणी दारातून परत पाठवल्यासारखे वागवत असेल, तर पुन्हा का लिहावे?
लेखनिक, सांगली जिल्हा

उत्तर : आपला राग मला समजतो. तरीही आधी या कार्यपद्धतीची रीत सांगतो, कारण नोंद बंद होणे म्हणजे ती नाकारली जाणे नव्हे, हे तेथे कोणी आपल्याला सांगितलेले दिसत नाही.

मोठ्या प्रकल्पांत नोंदींना अवस्था असतात. लिब्रेऑफिसचे उदाहरण घ्या. नवी नोंद प्रथम ‘अपुष्ट’ असते. नोंदवणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तोच दोष स्वतःच्या संगणकावर पाहिला, की ती ‘नवीन’ होते, आणि विकसक सामान्यतः तेथून पुढे लक्ष घालतात. मधल्या टप्प्यावर नोंदी चाळणारे बहुतेक लोक स्वयंसेवक असतात. त्यांना दोष पाहता आला नाही, तर ते प्रश्न विचारतात आणि नोंद ‘माहिती हवी’ या अवस्थेत टाकतात. काही महिने उत्तर आले नाही, तर स्मरणपत्र जाते आणि त्यानंतर ती बंद होते. आपण आजही त्याच नोंदीखाली उत्तर लिहून ती पुन्हा उघडू शकता. नवी नोंद करू नये, कारण जुन्या नोंदीत झालेली चौकशी वाया जाते. आणि नोंद ज्या ईमेल पत्त्यावरून केली तो पत्ता आठवड्यातून एकदा तरी उघडावा, स्पॅमच्या कप्प्यासह.

उत्तरात एक गोष्ट सांगता आली, तर आपल्या नोंदीचे वजन एकदम वाढेल : या वेलांट्या पूर्वी नीट छापल्या जात होत्या का, आणि कोणत्या आवृत्तीपर्यंत? लिब्रेऑफिसच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्या संग्रहात डाउनलोडसाठी ठेवलेल्या असतात. अमुक आवृत्तीत बरोबर आणि तमुक आवृत्तीत चूक, एवढे कळले की स्वयंसेवक मधल्या बदलांची रास अर्ध्यावर कापत जातात : मधली प्रत तपासायची, दोष असेल तर त्याआधीचा अर्धा भाग घ्यायचा, नसेल तर नंतरचा. हजार बदलांतून दोष आणणारा एक बदल अशा रीतीने दहा तपासण्यांत सापडतो. ज्याने तो बदल केला त्यालाच मग विचारता येते, आणि त्याला तो भाग आठवतही असतो.

आता दुसरी बाजू. माणसाने न वाचता यंत्राने नोंद बंद करणे ही पद्धत अनेक प्रकल्पांनी सोयीसाठी स्वीकारली आहे, आणि ती मला पटत नाही. हजारो नोंदी साचल्या की त्या झाडून काढाव्याशा वाटतात हे खरे, पण ज्याने आपला वेळ खर्चून लिहिले त्याला शेवटचा निरोप यंत्राकडून मिळावा, हे योग्य नाही. विकसक आपल्याला दुरुस्ती देणे लागत नाही. मुक्तस्रोत परवान्यांत सॉफ्टवेअर ‘आहे तसे’, कोणत्याही हमीविना दिले आहे, असे स्पष्ट लिहिलेले असते. पण नोंद बंद का केली आणि ती पुन्हा कशी उघडावी, हे दोन साध्या वाक्यांत सांगणे तो नक्कीच लागतो.

प्रश्न : माझे इंग्रजी कच्चे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तक्रार लिहून घेतली तर चालेल का?
महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड

उत्तर : भाषांतरासाठी चालेल, मजकूर रचण्यासाठी चालणार नाही. आपण जे पाहिले ते आधी मराठीत, तुटक वाक्यांत का होईना, लिहून काढावे. त्याचे भाषांतर करून घ्यावे, आणि खाली मूळ मराठीही ठेवावे, म्हणजे भाषांतर चुकले तर जाणणारा कोणीतरी ते सुधारू शकेल. चूक दाखवणारा संदेश जसाच्या तसा नक्कल करून द्यावा. स्क्रीनशॉटमध्ये मराठी मेनू असतील, तर कोणत्या मेनूतील कितवा पर्याय तेही लिहावे.

यंत्राला ‘तक्रार चांगली करून दे’ असे सांगितले, की ते आपण न पाहिलेल्या गोष्टीही आत्मविश्वासाने घालते. कर्ल या इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाचे प्रमुख डॅनियल स्टेनबर्ग यांनी २०२५ मध्ये अशा यंत्राकडून लिहून घेतलेल्या, अस्तित्वात नसलेल्या दोषांच्या सुरक्षा-तक्रारींविषयी जाहीरपणे त्रागा व्यक्त केला होता, कारण प्रत्येक खोटी तक्रार खोटी ठरवायलाही माणसाचे तास जातात. मोडक्या इंग्रजीची कोणालाच अडचण होत नाही. स्वतः विकसकांपैकी कितीतरी जणांची मातृभाषा इंग्रजी नाही.

प्रश्न : अंध वाचकांसाठी मी पुस्तके ध्वनिमुद्रित करते. ज्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर माझा हात बसला होता, त्याची बटणे नव्या आवृत्तीत हलवली. आम्हाला कोणी विचारले नाही. आम्ही वापरणारे त्यांना दिसत नाही का?
ध्वनिमुद्रणकार, ठाणे

उत्तर : खरे सांगायचे, तर नाही, दिसत नाही, आणि त्याचे एक कारण आपल्याच हिताचे आहे. बहुतेक मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आपण काय करता याची माहिती परत पाठवत नाही. त्यामुळे किती लोक कोणते बटण दाबतात हे घडवणाऱ्याला माहीत नसते, आणि जे बोलतात त्यांचेच ऐकू येते. बोलणारे सहसा तंत्रज्ञ असतात. रोज चार तास शांतपणे ध्वनिमुद्रण करणारी व्यक्ती त्यांत नसते.

मोजणी हा त्यावर उपाय म्हणून पुढे येतो, पण न बोलता केलेली मोजणीही अंगाशी येते. ध्वनिसंपादनाच्या ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरचे व्यवस्थापन २०२१ मध्ये म्यूज ग्रुप या कंपनीकडे आले. त्यानंतर मे महिन्यात गूगल आणि रशियाची यांडेक्स यांच्या सेवा वापरून वापराची माहिती गोळा करण्याचा प्रस्ताव थेट कोडच्या रूपात मांडला गेला. ती माहिती वापरणाऱ्याच्या संमतीनेच घेतली जाणार होती. तरीही वापरणाऱ्यांचा एवढा विरोध झाला, की त्याच महिन्यात प्रस्ताव मागे घ्यावा लागला. आम्हाला काय कळत नाही, ते कळण्यासाठी काय हवे आणि ते कोठे साठवले जाईल, हे आधी वापरणाऱ्यांपुढे मांडले असते आणि मग कोड लिहिला असता, तर गोष्ट वेगळी झाली असती, असे मला वाटते.

आपल्यासाठी व्यवहाराची गोष्ट अशी, की नवी आवृत्ती अधिकृतपणे येण्यापूर्वी तिची ‘बीटा’ किंवा चाचणी प्रत बहुतेक प्रकल्प काढतात, आणि बटणांविषयीचे म्हणणे त्या काही आठवड्यांत ऐकले जाते. नंतर लिहिले, तर तोवर इतर लाखोंचा हात नव्या जागी बसलेला असतो. चाचणी प्रत दुसऱ्या संगणकावर किंवा दुसऱ्या फोल्डरमध्ये उघडावी, एक प्रकरण तिच्यावर मुद्रित करून पाहावे, आणि ‘पूर्वीचेच चांगले होते’ असे न लिहिता, ‘एका प्रकरणात मी हे बटण साठ वेळा दाबते आणि आता प्रत्येक वेळी माउस पडद्याच्या दुसऱ्या टोकाला न्यावा लागतो’ असे लिहावे. माझ्या अनुभवात अशा वाक्याकडे दुर्लक्ष करणारे विकसक फार थोडे आढळले.

प्रश्न : मराठी तारखा आणि आकडे शब्दांत लिहिणारे एक छोटे साधन मी नोकरी सांभाळून, रात्री बसून लिहिले आणि मुक्त केले. आता रोज कोणीतरी ‘तातडीने दुरुस्त करा’, ‘एवढे साधे जमत नसेल तर प्रकल्प दुसऱ्याला द्या’ असे लिहिते. धन्यवाद कोणी म्हणत नाही. प्रकल्प बंद करावासा वाटतो. मी चुकतो आहे का?
सॉफ्टवेअर विकसक, पुणे

उत्तर : चुकत नाही. आणि ‘प्रकल्प दुसऱ्याला द्या’ या वाक्याने आपण खचून जाऊ नये, म्हणून अलीकडची एक घटना सविस्तर सांगतो.

फाइली दाबून लहान करणारे एक्सझेड हे साधन लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या बहुतेक संगणकांवर असते. ते फिनलंडचे लासे कॉलिन वर्षानुवर्षे जवळजवळ एकटे, विनामोबदला सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यामागे तगादा लावला : काम फार संथ चालले आहे, आपल्याला जमत नसेल तर आणखी कोणाला अधिकार द्या. कॉलिन यांनी उत्तरात लिहिले, की त्यांना दीर्घकाळ मानसिक आरोग्याचा त्रास आहे आणि हा बिनपैशाचा, छंदाचा प्रकल्प आहे. त्याच सुमारास ‘जिया टॅन’ या नावाने एक मदतनीस नियमित, चांगले काम करून देत होता. हळूहळू त्याच्या हाती अधिकार गेले. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतून त्याच नावाने सर्व्हरमध्ये शिरण्याचा चोरदरवाजा बसवला. तगादा लावणारी नावे त्याच कटातील असावीत, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. वापरणाऱ्यांच्या अधीरतेचे सोंग घेऊन एका थकलेल्या माणसाच्या हातून किल्ल्या काढून घेतल्या गेल्या. तेव्हा दडपणाखाली अधिकार देऊ नयेत, आणि ‘मला वेळ लागेल’ हे वाक्य अपराधी न वाटता लिहावे.

त्याच घटनेची दुसरी बाजू मला तितकीच महत्त्वाची वाटते. चोरदरवाजा सापडला तो आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला, जे या साधनाचे विकसक नव्हते, वापरणाऱ्यांपैकीच होते. दूरच्या संगणकावर प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी ते सोडून दिले नाही. मोजले, माग काढत गेले आणि २९ मार्च २०२४ रोजी काय पाहिले, कोणत्या आवृत्तीत पाहिले, कशावरून संशय आला, हे सगळे पुराव्यानिशी जाहीर केले. काही तासांत जगभरचे लिनक्स वितरक त्या आवृत्त्या मागे घेऊ लागले. असा वापरणारा लाभावा असे वाटत असेल, तर लिहिणाऱ्यांसाठी दार उघडे ठेवावे लागते, म्हणून प्रकल्प बंद करण्यापूर्वी काही गोष्टी करून पाहाव्यात, असे सुचवतो.

प्रकल्पाच्या पहिल्याच पानावर मराठीत चार ओळी लिहाव्यात : हे मी एकटा सांभाळतो, रविवारी पाहतो, अमुक गोष्टी या साधनाच्या कक्षेत नाहीत. नोंद करण्याच्या जागी आधीच भरायचे रकाने ठेवावेत, जसे आवृत्ती, दिलेला आकडा, मिळालेले उत्तर, अपेक्षित उत्तर. ‘तातडीने दुरुस्त करा’ असे लिहिणाऱ्याला त्या रकान्यांसमोर बसवले, की अर्ध्या वेळी त्याचा राग माहितीत बदलतो. नकार द्यायचा असेल, तर तो लवकर आणि कारणासह द्यावा. वर्षभर लोंबकळत ठेवलेली नोंद माणसाला नकारापेक्षा जास्त दुखावते. अपमानास्पद लिहिणाऱ्याला एकदा समज देऊन नंतर लेखनाची मुभा काढून घ्यावी, हा आपला अधिकार आहे.

आपल्या बाजूनेही स्वर सांभाळावा लागतो. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या तिखट ईमेलांबद्दल सप्टेंबर २०१८ मध्ये जाहीर क्षमा मागितली आणि काही आठवडे कामातून बाजूला झाले. त्याच वेळी लिनक्स प्रकल्पाने नवी आचारसंहिता स्वीकारली. आपण पाठवलेल्या नमुन्यांत आपणही एकाला ‘कागदपत्रे वाचली असती तर कळले असते’ असे लिहिले आहे. मी आपली कागदपत्रे वाचली. ‘लाख’ आणि ‘दशलक्ष’ यांतील निवड कशी करावी, हे त्यांत सहाव्या पानावर, फंक्शनच्या वर्णनात दडलेले आहे. एखाद्या बँकेतील किंवा शाळेतील माणसाच्या शेजारी वीस मिनिटे बसावे, काही न सांगता त्याला आपले साधन वापरू द्यावे आणि तो कोठे अडतो ते वहीत टिपावे. मधेच बोलण्याचा मोह होईल, तो आवरावा. आपल्याकडे येणाऱ्या नोंदींपैकी कितीतरी त्या वहीतच सापडतील.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आम्ही कोहा हे ग्रंथालयाचे कामकाज सांभाळणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वापरतो. मला प्रोग्रामिंग येत नाही. तक्रार करण्यापलीकडे मला काही करता येईल का?
ग्रंथपाल, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : येईल, आणि आपण ज्या प्रकल्पाविषयी विचारले आहे तेथे ते काम ग्रंथपालांसाठीच राखून ठेवल्यासारखे आहे.

कोहाचा जन्मच एका ग्रंथालयाच्या गरजेतून झाला. न्यूझीलंडमधील होरोफेनुआ ग्रंथालय न्यासाची जुनी प्रणाली वर्ष २००० च्या तारखांना टिकणारी नव्हती. त्यांनी कटिपो कम्युनिकेशन्स या छोट्या कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, ती जानेवारी २००० मध्ये सुरू झाली आणि त्याच वर्षी मुक्त परवान्याखाली सर्वांना दिली गेली. ‘कोहा’ हा माओरी शब्द असून त्याचा अर्थ भेट असा होतो, आणि त्या भेटीत परतफेडीचा भावही असतो.

या प्रकल्पात कोणत्याही विकसकाने लिहिलेला बदल त्याच्या स्वतःच्या म्हणण्यावर स्वीकारला जात नाही. नोंद ‘साइनऑफ हवा’ या अवस्थेत जाते, म्हणजे दुसऱ्या कोणीतरी तो बदल प्रत्यक्ष वापरून पाहून ‘चालतो’ असे लिहावे लागते. त्यानंतर गुणवत्ता तपासणारे सदस्य पाहतात आणि मग तो मुख्य कोडमध्ये जातो. यासाठी विकसकाने नोंदीत ‘चाचणीची योजना’ लिहायची असते : अमुक सभासदाच्या नावावर पुस्तक द्या, परतीची तारीख उलटू द्या, दंडाचे पान उघडा, आकडा तपासा. ती योजना ग्रंथपालाला समजेल अशी लिहावी लागते, कारण तपासणारा ग्रंथपाल असू शकतो. विकसक आणि वापरणारा यांच्यातील संवाद सुधारण्यासाठी मी पाहिलेल्या सर्व उपायांत हा मला सर्वांत भक्कम वाटतो, कारण तो कोणाच्या चांगुलपणावर सोडलेला नाही, कामाच्या पद्धतीतच बसवला आहे.

कोड उतरवून घेण्याची, संगणकावर काही बसवण्याची गरज नाही. कोहाचे ‘सँडबॉक्स’ ब्राउझरमध्येच चालतात. नोंदीचा क्रमांक दिला, की तो बदल बसवलेले एक तात्पुरते कोहा आपल्यासाठी उभे राहते आणि तेथे काही बिघडले तरी कोणाचे नुकसान होत नाही. सुरुवातीला देवघेव किंवा दंड अशा आपल्या रोजच्या कामातील एखादी लहानशी नोंद निवडावी. योजनेतील पायऱ्या एकेक करून पाहाव्यात, आणि मग त्यांत नसलेली, पण आपल्या ग्रंथालयात रोज घडणारी एक गोष्ट करून पाहावी : सभासदाचे नाव देवनागरीत टाकावे, लेखकाच्या नावात ‘ऱ्हा’ असेल असे एखादे पुस्तक शोधावे, पावती मराठीत छापून पाहावी. जे दिसेल ते नोंदीखाली लिहावे. बदल चालला नाही, तर ‘चालला नाही’ असे लिहिणे हेही तितकेच पूर्ण उत्तर आहे. विकसक नवी प्रत घेऊन परत येतो, आणि बहुधा आपल्यालाच विचारतो, की आता पाहता का?